दृष्टी उत्तम

२ जानेवारी १९७९
बल्ब बदलून चार दिवस झाले, उजेड तेवढाच. हिंदुराव म्हणतो साठचा आणलाय. चाळीसचा असणार. आईला काय कळतंय, असं त्याला वाटतं.

आता नमस्कार. ही डायरी हिंदुरावला कंपनीतून मिळाली. तो लिहीत नाही, म्हणून मी लिहिणार. दुपारच्या प्रौढ वर्गात मला अक्षरओळख झालीय. वर्गात सात बायका, त्यात मी पुढं. रोज एक पान लिहायचं. ठरलं म्हणजे ठरलं.

४ जानेवारी, गुरुवार
काल लिहिलं नाही. शाई फिकी निघाली.

आज मंडळाच्या शेडमध्ये म्हाताऱ्यांचा दवाखाना. दर गुरुवारी सिस्टरबाई येतात, प्रेशर बघतात, आठवड्याच्या गोळ्या देतात. लाईन मी लावते. मला कुणी सांगितलेलं नाही, पण मी नसले तर दत्तोबा आणि चिमाजी पहिल्या नंबरासाठी काठ्या उगारतील. दोघांची मिळून दीडशे वर्षं होतील.

सिस्टरबाई म्हणाल्या, रविवारी चिंचवडच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर आहे, आक्काबाई तुम्हीही दाखवा. मी म्हटलं, मी सगळ्यांना घेऊन येते. माझं काय दाखवायचंय? मला सगळं दिसतं. सकाळी जरा धुकं असतं, एवढंच. हल्ली ते दुपारपर्यंत राहतं. कारखान्यांचा धूर.

७ जानेवारी, रविवार
टेस्ट पास. पहिल्या झटक्यात.

झालं असं. अक्षर येणाऱ्यांना फळ्यावरची अक्षरं वाचायची, न येणाऱ्यांना बोटं मोजायची. आम्ही वर्गातल्या सातजणी अर्थातच फळ्याकडं. चष्मेवाल्यानं एका अक्षरावर छडी ठेवली आणि आम्ही सातजणी एका सुरात म्हणालो, ग. वर्गात बबनराव मास्तर छडी ठेवतात तेव्हा असंच म्हणायचं असतं. तो म्हणाला, एकेकीनं. पण छडी दिसली की तोंड उघडतंच, आम्हाला तशीच सवय. मी एकटी पुढं उभी राहिले तरी मागून सहाजणी होत्याच. मागं तीनशे माणसं खोळंबलेली. त्यानं वैतागून सातही कागदांवर लिहून टाकलं. मास्तरांनी वाचून दाखवलं : दृष्टी उत्तम.

खरं सांगायचं तर मला फळा दिसत नव्हता. उन्हाची तिरीप होती. पण अक्षरं बरोबर आली, म्हणजे डोळे बरोबर.

बिचारी कमरुन्निसा. शेजारीण म्हणून तिला मीच नेलं. ती वर्गाला येत नाही. म्हणते, शिकून कुणाला पत्र लिहायचंय. तिला तीन बोटं दाखवली, ती म्हणाली दोन. खोटं बोलताच येत नाही तिला. मोतीबिंदू निघाला. उद्या ऑपरेशन, मग आठवडाभर शाळेतच निजायचं. आमच्या गावच्या एका बाईचा असाच डोळा कापला, तो गेलाच. मग सुनेनं तिला चुलीपाशी येऊ दिलं नाही. बारा वर्षं कोपऱ्यात बसून होती, जेवण समोर आलं की जेवायची.

माझी सून हल्ली म्हणायला लागलीय, आत्या, तुम्ही बसा, मी करते. मी बसत नाही.

११ जानेवारी
कमरुन्निसाला बघायला भाकरी बांधून निघाले. बस सांगवीला गेली. पाटीवर आकडे इतके बारीक का काढतात कोण जाणे. कंडक्टर म्हणाला, आजी, पाटी बघून चढायचं. मी म्हटलं, तू पाटी बघून उतरव. भाकरी नदीकाठी मीच खाल्ली.

ठराव : कंडक्टरची तक्रार करायची. मुद्देसूद.

२० जानेवारी
तक्रार राहिली. थंडी फार.

३ फेब्रुवारी
आमटीत खडा. हिंदुरावची दाढ दुखावली. सेकंड शिफ्टला गाल धरून गेला. मी तडक मीरासाहेबाच्या दुकानात. डाळीत खडे घालतोस का म्हणून विचारलं. तो गरीब माणूस, म्हणाला, आक्का, दाखवा खडे. मी वेचून त्याच्या हातावर ठेवले. त्यानं ते बोटानं चाळले. मग हळूच म्हणाला, ही डाळ आहे. खडे पिशवीत राहिलेत.

तिथून कांदा आणायची आठवण झाली, म्हणून निघाले.

२२ फेब्रुवारी
कमरुन्निसाला जाड भिंगांचा चष्मा मिळाला. तेव्हापासून बाईनं जगणं मुश्कील केलंय. माझ्या पातेल्याला राख राहिलीय म्हणते. भिंतीवर चिरा पडल्यात म्हणते. आरशात बघून रहिमानला, म्हणजे नवऱ्याला, म्हणाली की मी इतकी म्हातारी झाले आणि तुम्ही बोललाही नाहीत.

मला म्हणाली, चार तारखेला परत शिबिर हाय, चल. मी कागद दाखवला. दृष्टी उत्तम, लाल शाईत. ती म्हणाली, कागदाला दिसत असंल.

१ मार्च, गुरुवार
सकाळी लिहिते. आज मोठा मान. सिस्टरबाईंना अकरा वाजता दुसरीकडं जायचंय. गोळ्यांच्या पुड्या नावं घालून मला वाटायला देणार आहेत. आक्काबाई, तुम्हाला वाचता येतं, असं म्हणाल्या. सगळ्यांसमोर.

१ मार्च, संध्याकाळ
नावं पेन्सिलीनं लिहिलेली होती. कोण लिहितं पेन्सिलीनं.

अंदाज घेऊन वाटल्या. दत्तोबा उंच, त्याची पुडी मोठी असणार. चिमाजीनं पुडी सोडून गोळी जिभेवर ठेवली, तेवढ्यात कमरुन्निसानं त्याचा जबडा धरला. त्या धट्ट्याकट्ट्या माणसाचा जबडा. थुंक, म्हणाली. पिवळी गोळी दत्तोबाची, साखरेच्या आजाराची. चिमाजीची पांढरी असते. तिला एक अक्षर येत नाही. तिनं नुसतं बघितलं.

चिमाजीनं थुंकली. वाटलेल्या पुड्या परत घेतल्या, सगळ्या पेटीत ठेवल्या आणि बबनराव मास्तरांना बोलावलं.

२ मार्च
सिस्टरबाईंना मीच सांगितलं. त्या घाबरल्या. ती साखरेची गोळी पोटात गेली असती तर चिमाजी उभ्याचा आडवा झाला असता, म्हणाल्या. मी पेन्सिलीचं काढलं नाही.

३ मार्च, शनिवार
दुपारी कमरुन्निसा आली. मी लिहीत होते. तिनं माझ्या हातातून डायरी घेतली, चष्म्याजवळ धरली. आधी वाटलं ही काय वाचणार.

म्हणाली, "आक्का, मला वाचता येत न्हाई. पर ह्या मुंग्या एकमेकींच्या डोक्यावर चढल्यात, एवढं दिसतंय."

ओळ ओळीवर लिहिलीय म्हणे. जानेवारीपासून. काही पानांवर तीन तीन थर. म्हणजे ही डायरी मलाही कधी वाचता येणार नाही. बल्ब साठचाच होता.

मी विचारलं, कापताना दुखतं का. ती म्हणाली, कापताना न्हाई, पर आठ दिस हिरवी पट्टी बांधून तुझ्यासारखीची वाट बघताना दुखतं, भाकरी घेऊन येते म्हणून सांगून गेलीस.

मी सांगवीचं सांगितलं. ती इतकी हसली की चष्मा पुसावा लागला.

चूल आठ दिवस सुनेकडं. तिला सांगितलं, आठच.

उद्या सकाळी आठला चिंचवड. वर्गातल्या सहाजणींना निरोप धाडलाय, इथंही लिहून ठेवते : माझा नंबर आला की तोंडं मिटून उभं राहायचं. छडी कुठंही ठेवू दे. बोटं दाखवली तर कमरुन्निसानं पाठीवर टिचकी मारून मोजायचं नाही. दिसलं तर दिसलं, नाही तर नाही. विचारतील मला, आणि उत्तर मी एकटीनं द्यायचं.