बेर्निकची वायर आणि माझा शांत स्वभाव

३ जून, सोमवार. कॉंकार्नो.
आजपासून शांत राहायचं. पक्कं. डॉक्टर म्हणाले म्हणून नव्हे, मी मुळातच शांत आहे. लोक भडकवतात.
बायकोने, नोल्वेनने, जाहीर केलंय: 'बेर्निक'वर सौर पॅनेल बसवायची, आणि बोटीवर जो वीज आणेल तो यंदाच्या सफरीत आयर्लंडपर्यंत सुकाणू धरेल. बोट तिच्या बाबांची. आता तिची आणि तिच्या भावाची, म्हणजे तुग्दुआलची. मासेमार. खांद्यांमध्ये मान नाही, मानेवर डोकं नाही. लग्नाला एकवीस वर्षं झाली आणि एकवीस वर्षं या बोटीवर मी फक्त बटाटे सोलतोय. यंदा सुकाणू माझं. एकतीस वर्षं घरांचं वायरिंग केलं, एकही घर बुडालं नाही.

५ जून.
वायर ठरवायची बैठक. तुग्दुआल म्हणतो, तिन्ही पॅनेल समांतर जोडू, कलई केलेली जाड वायर घेऊ, मध्ये फ्यूज टाकू. मी म्हटलं, एकापुढे एक जोडू, म्हणजे बारीक वायर पुरते. माझ्या गॅरेजात साठ मीटर पडलीय. अस्सल तांबं, एकच सणसणीत तार. तर म्हणाला, दाजी, ही वायर भिंतीत गाडायची. भिंत हलते का? बोट हलते, एकेरी तार तुटेल. आणि डोलकाठीची सावली एका पॅनेलवर पडली की तिन्ही आडवी होतील, मग आयर्लंड काय मेणबत्तीवर गाठायचं?
मी शांतच होतो. पक्कड हातातून निसटली आणि त्याच्या गुडघ्यावर बसली. मध्ये चार मीटर अंतर होतं. पक्कडी निसटतात.

७ जून, दुपारी.
अन्याय. केबिनमध्ये बसून मी सहज म्हणालो की माझी वायर इतकी कडक आहे, सशाच्या बापालाही कुरतडता यायची नाही. घरी चौदा पाळलेत, तोंडात येणारच. या लोकांत बोटीवर त्या जनावराचं नाव घेत नाहीत, हे मला माहीत आहे. पण अकरा वाजता लक्षात नव्हतं.
तुग्दुआलने थोबाडीत दिली. ओठ फुटला. शेजारच्या बोटीवरून मादाम ल गोफ, वय सत्त्याहत्तर, वल्हं घेऊन आल्या. म्हणाल्या, मेल्या, त्यांनी दोर कुरतडून आमची माणसं बुडवली आणि तू भर केबिनमध्ये नाव घेतोस? पाठीत दोन बसले. वय बघून मी उलट हात उचलला नाही. बादलीला लाथ घातली. ती तुग्दुआलला लागली, यात माझा काय दोष?

१० जून.
तुग्दुआल चार दिवस मासेमारीला. मैदान मोकळं. तिन्ही पॅनेल एकापुढे एक जोडली. बारीक वायर. फ्यूज नाही. फ्यूज लावणं म्हणजे स्वतःच्या कामावर संशय घेणं.
दुपारी शिडाखालचं आडवं दांडकं फिरून टाळक्यात बसलं. तीन टाके. दवाखान्यातून परत येऊन मी त्या दांडक्याला हातोडीने झोडपलं. कुणीतरी धडा शिकवायलाच हवा होता. हातोडीचा दांडा तुटला. दांडकं शाबूत.
संकल्प: राग आला की दहा आकडे मोजायचे.

१४ जून, १२.००.
चार्जिंगच्या पेटीवर लिहिलंय, पन्नास व्होल्टच्या वर जोडू नये. माझी तिन्ही मिळून सहासष्ट. कंपन्या भित्र्या असतात.
१२.०५. केबिनचा दिवा लागला! नोल्वेनला हाक मारली. तिने टाळी वाजवली. एकच, पण वाजवली.

१४ जून, संध्याकाळी. दवाखान्यातून.
१२.०६ ला पेटी फुटली. झाकण कानाजवळून गेलं. भुवया गेल्या. पडदा पेटला, पडद्यावरून बाक पेटला. तुग्दुआल तेवढ्यात धक्क्याला लागला होता. उडी मारून आत आला आणि आग विझवायचं सिलिंडर रिकामं केलं, निम्मं माझ्या तोंडावर. मी दहा मोजायला घेतले, चारला त्याच्या पोटात डोकं घातलं. त्याने मानगूट धरून मला धक्क्याखाली फेकलं. ओहोटी होती. चिखल. मनगट मोडलं.
बाक नोल्वेनच्या बाबांनी स्वतः रंधा मारून केलेला होता. ती जळक्या फळीवर हात ठेवून उभी राहिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. लाज वाटली. फार वाटली.
तरी माझं मत: हवा दमट होती.

१७ जून.
तुग्दुआलने एका सकाळीत सगळं केलं. जाड वायर, समांतर, फ्यूज. मी प्लास्टरातला हात घेऊन धक्क्यावरून बघितलं. त्याने माझी वायर उचलली, दोनदा वाकवली, तुटली. तुकडे माझ्याकडे फेकले. हे मुद्दाम.
नोल्वेन म्हणाली, यायचं तर ये. मी विचारलं, काय म्हणून? म्हणाली, तुला माहीत आहे.

२१ जून, सकाळी ७. समुद्रात.
दिवे लागतात. रेडिओ बोलतो. बॅटरी भरलेली.
सुकाणूवर नोल्वेन आहे. तुग्दुआलने वीज आणली आणि सुकाणू सरळ बहिणीला दिलं. त्याला कधी नकोच होतं म्हणे. मी विचारलं, मग मला एवढं हाणलंस कशाला? म्हणाला, बोट जळत होती, दाजी.
घरी त्या लांब कानवाल्यांना गवत टाकायला शेजारणीला सांगितलंय.
एका हाताने बटाटे सोलणं सोपं नाही, हे इथे कुणाला कळत नाही. आतापर्यंत नऊच बटाटे झाले. पण माझी वायर बोटीवर आहे, ते कुणी नाकारू शकणार नाही. बटाट्यांच्या पोत्याचं तोंड त्या वायरनेच बांधलंय. कालपासून एकही बटाटा बाहेर पडलेला नाही.