कापशीचा कोपरा

मुळशी,
१४ सप्टेंबर २०२५

चि. स्वरदास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर आपलं दोन मिनिटांत वाजतं, मग तू तरी ठेवतेस नाहीतर मी तरी. म्हणून लिहायला बसले आहे.

तुझी कापशी आता घरात ठेवण्यासारखी राहिली नाही. पाला द्यायला खुराड्यात हात घातला की गुरकावून अंगावर येते. परवा अंगठ्याचा लचकाच काढला. शेजारच्या गोजराबाई म्हणाल्या, सशीण लई शेफारलीय, कान धरून उचल आन दोन दे. मी तेही केलं, खोटं कशाला बोलू. मनगटावर ओरखडे तेवढे मिळाले. तुझे आप्पा होते तोवर त्यांच्या खाटेखाली गरीब गाईसारखी पडून असायची. मी थकले गं. पाहुण्यांना दिलेल्या दोन खोल्या, शेत आणि वर ही. पलीकडच्या रिसॉर्टवाल्याला मुलांना दाखवायला ससे हवेत. दसरा झाला की देऊन टाकते.

दिवाळीला येणार, की पुन्हा परीक्षाच आहे, तेवढं कळव.

तुझी आई

शिरवळ,
१९ सप्टेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

कापशीला देऊ नकोस. आप्पांनी तिला पौडच्या बाजारातून शर्टाच्या आत घालून आणली होती. त्यांचं म्हणून घरात दुसरं काय उरलंय?

आणि कान काय धरतेस! मी इथे जनावरांची डॉक्टर व्हायला शिकते आणि माझी आई असं करते. आमचे सर सांगतात, ससा उगीच चावत नाही, घाबरतो किंवा आपली जागा राखतो. खुराड्यात हात घालू नकोस. दार उघड, ती आपणहून बाहेर आली की आतलं काम कर. अगदी नाकासमोरचं तिला दिसत नाही, म्हणून हात डोक्यावरून ने. रोज थोडा वेळ जमिनीवर नुसती बसून राहा. चावली तर मारू नकोस, बारीक किंचाळ, म्हणजे तुला लागलं हे तिला कळेल. वयात आल्यावर सशिणी अशा चिडतात, त्यावर ऑपरेशनही असतं, पण ते नंतर बघू.

दिवाळीत परीक्षा आहे.

तुझी स्वरदा

मुळशी,
२६ सप्टेंबर

चि. स्वरदास,
अ. आ.

तू सांगितलंस ते सगळं केलं. खाली बसून बसून गुडघे धरले. एकदा किंचाळले, तर खोलीतले पाहुणे साप निघाला समजून काठी घेऊन धावत आले. ससा चावला म्हणून सांगायची मला लाज वाटली.

बाहेर सोडली की पडवीभर हिंडते, खांबाला, उंबऱ्याला हनुवटी घासत बसते. संध्याकाळपर्यंत शहाणी असते. सकाळी मी पडवी शेणाने सारवते, खुराडा धुऊन नवं गवत घालते, की पुन्हा तीच अवदसा. रोज इतकं स्वच्छ ठेवते तिला, आणखी काय करायचं? दसऱ्यानंतरच्या रविवारी रिसॉर्टवाला येणार आहे. माझ्यात आता जोर नाही.

तुझी आई

शिरवळ,
१ ऑक्टोबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तू रोज सारवतेस? आप्पा असताना तर आठवड्यातून एकदा सारवायचीस. अगं, तिच्या हनुवटीखाली वास असतो. तो लावून ती जागा आपली करते. दिवसभर केलेलं तू रोज सकाळी पुसून टाकतेस, तिला रोज परक्याच्या घरात ठेवतेस. ती चावणार नाही तर काय करील?

मला तिचं समजतं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी उठले, तर पडवीतली आप्पांची खाट नव्हती, खुंटीवरचे कपडे नव्हते, तिथे नुसतं ओलं सारवण होतं. तू मला विचारलंही नाहीस.

दिवाळीत परीक्षा नाही. मला त्या पडवीत पाऊल टाकवत नाही.

स्वरदा

मुळशी,
१० ऑक्टोबर

चि. स्वरदास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी रिसॉर्टवाला पिंजरा घेऊन आला होता, त्याला चहा देऊन परत पाठवला. त्या दिवसापासून कापशीच्या कोपऱ्याला हात लावलेला नाही. लेंड्या पडल्यात, गोजराबाई नाक मुरडून जातात. काल ती माझ्या हातातला पाला घेऊन गेली. गुरकावली, पण दात लावला नाही.

आता खाटेचं. माणूस गेलं की त्याचं अंथरूण, कपडे देऊन टाकायची आपली रीत, ती मी पाळली. पण रोज सारवायची कुठली रीत? ते माझंच खूळ. सकाळी ती मोकळी जागा बघवत नाही, हात रिकामे राहिले की रडू येतं, म्हणून सारवत सुटते. तुला विचारायला हवं होतं. माझं चुकलं.

एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही. त्यांची घोंगडी मी दिली नाही. भावकीला दिली म्हणून सांगितलं आणि तांदळाच्या कोठीमागे लपवली. धुतलेली नाही. कधीतरी दार लावून तिच्यात तोंड खुपसून बसते. त्यांच्या तंबाखूचा, घामाचा वास अजून आहे, पण कमी होत चाललाय. तू दिवाळीपर्यंत थांबू नकोस.

लोभ आहेच, राग तेवढा सोडून ये.

तुझी आई