उन्हाळ्यातली गोधडी

मोर्शी,
१४ डिसेंबर २०१७

ति. तानुताई यांस गोवर्धनचा शि. सा. न.

आज वर्षालीची तेरवी झाली. सकाळी झेंडू तोडला, दुपारी माणसं जेवून गेली, आणलेली भांडी परत केली. तुम्ही पाचच्या गाडीनं अकोल्याला निघालात. सांगायचं ते मला तोंडावर जमलं नाही, म्हणून हे पत्र.

मे महिन्यात तुम्ही तुमच्या बहिणीसाठी, वर्षालीसाठी, माझ्या फोनवर थायरॉईडचा एक व्हिडिओ पाठवला होता. पाळीचं बोलणं सुरू झालं तसा मी तो बंद केला. फुलांचा भाव पाहायला हा फोन बाजारात चार जणांच्या हाती जातो. लाज वाटली, पुसून टाकला. तिला सांगितलं नाही.

तुमच्या फेसबुकवर तो अजून आहे. दवाखान्यात शेवटी थायरॉईडच सांगितलं, म्हणून काल पूर्ण पाहिला. चेहरा सुजतो, आवाज जड होतो, झोप सरत नाही, उन्हाळ्यातही थंडी वाजते. रक्त तपासायचं आणि रोज एक गोळी. एवढंच होतं.

भर मे महिन्यात ती गोधडी मागायची. "मले थंडी वाजून राहिली," म्हणायची. आम्ही हसायचो. नवरा असून मी तिला आळशी म्हटलं.

लोभ मागायला तोंड नाही.

गोवर्धन


अकोला,
२० डिसेंबर

श्री. गोवर्धनराव यांस तानुचा नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. त्या व्हिडिओवर निळ्या खुणा आल्या होत्या. मला वाटलं वर्षालीनं पाहिला आणि उत्तराचा कंटाळा केला. मी रुसले, फोन केला नाही. दिवाळीत आली तेव्हा तिचा आवाज बसलेला होता. मी म्हटलं, "कावून वं, म्हशीवानी बोलून राहिली?" तीही हसली.

आमच्या बचत गटातल्या दोघींना त्याच व्हिडिओमुळे आजार कळला. गोळी घेतात, बऱ्या आहेत. परवा एक पेढे घेऊन आली. मी पेढे घेतले आणि दार लावलं.

तुम्हाला माफ केलं असं लिहवत नाही. गोधडी कोणाला देऊ नका, आमच्या आईनं शिवलेली आहे. धुऊन ठेवा, मी नेईन.

तब्येत सांभाळा.

तानु


मोर्शी,
२७ डिसेंबर

ति. तानुताई यांस शि. सा. न.

पत्र पोचलं. तुम्ही लिहिलं ते बरोबर आहे.

तो व्हिडिओ मी फुलवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. एकानं हसायचं चित्र पाठवलं. खाली पुन्हा झेंडूचे भाव आले.

आज बाजाराला गेलो नाही. गोधडी विहिरीवर नेऊन धुतली. ती दोघांनी दोन टोकं धरून पिळायची असते. एकट्याला जमली नाही. तशीच दोरीवर टाकली आहे, पाणी गळून राहिलं आहे.

गोवर्धन