भोगीच्या दिवशी सर्व लाइनी व्यस्त

सोलापूर, किंक्रांत

चि. सौ. श्रीदेवी हिस,

अनेक आशीर्वाद. तुझ्या गुडघ्याचं कसं आहे? गुरुशांतरावांचा खोकला गेला, की अजून डॉक्टर बदलणं चालू आहे? माझ्या उजव्या हाताची बोटं भाजली आहेत, म्हणून अक्षर वाकडं आलं आहे (एरवी ते कसं असतं ते तू जाणतेस, कॉन्व्हेंटात सिस्टर पट्टी घेऊन उभ्या असत). बोटं का भाजली, ते सांगायलाच हे पत्र.

नोकरी लागेपर्यंत सोलापूरची हवा खाऊ दे, म्हणून तू प्रभुलिंगला माझ्याकडे धाडलंस. त्यानं हवा सोडून माझ्या भाडेकरणीचं डोकं खाल्लं. पुढच्या खोल्यांत ईरम्मा भाकरी केंद्र चालवते, हे तुला ठाऊक आहेच. तुझे चिरंजीव तिथं दोन दिवस खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, "मावशी, कपॅसिटी पडून आहे." दुपारी बायका पाय पसरून पान खातात, ती म्हणे कपॅसिटी! मी टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर म्हणून जन्म काढला. लाइनी मोजक्या आणि बोलायला अख्खा जिल्हा, हे प्रकरण मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. ट्रंक कॉलच्या ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग अशा रांगा लावून मी साखर कारखान्यांच्या चेअरमनना ताटकळत ठेवलं आहे (आणि वर गोड आवाजात "प्लीज होल्ड ऑन" म्हटलं आहे). पण मी तोंड उघडलं की तुझा मुलगा म्हणतो, "मावशी, ते जुनं झालं."

त्यानं मोबाइलवर ऑर्डर घ्यायची सोय केली. गिऱ्हाईक वाढलं, हे मान्य. बायकांचं पान गेलं आणि त्या वेळात भाकरी निघू लागल्या. मग त्याला कळलं, की भोगीला सगळं गाव तीळ लावलेली बाजरीची भाकरी खातं. "पीक डिमांड!" असं ओरडत तो घरभर नाचला. रोज इतक्या बायका, प्रत्येकीच्या इतक्या भाकरी, असा गुणाकार करून आल्या तेवढ्या ऑर्डरी घेतल्या. श्रीदेवी, मुलगा जन्मला आपल्या घरात, पण तू वाढवलास पुण्यात. भोगीला भाकरी थापणाऱ्या बाया आपापल्या घरी आपापली भाकरी थापतात आणि मग नटूनथटून सिद्धेश्वरांच्या यात्रेत दुपारी लग्नाच्या अक्षतेला जातात, हे त्याला कुणी सांगायचं? (मी सांगणार होते. पण ते जुनं झालं होतं.)

भोगीच्या सकाळी केंद्रात पीठ होतं, तीळ होते, तवे तापले होते आणि बाई एकही नव्हती. दाराबाहेर मात्र गल्लीच्या टोकापर्यंत माणसं. ईरम्मा डोक्यावरून न्हाऊन, केसांना पंचा गुंडाळून डोकावली. "अगं, तू बोलली का नाहीस?" मी विचारलं. "इचारलं कुटं त्यानं, अक्का? मला वाटलं, शिकल्यालं पोरगं हाय, पुण्याहनं बाया मागवल्या असतील की!" एवढं बोलून ती तिची भाकरी करपेल म्हणून पळाली. भोगीच्या दिवशी लोकांच्या ताटात भाकरी पडली नाही, तर पुन्हा तिच्या दारात कोण येणार? कमावलेलं नाव तिचं, आणि ते घालवायला निघालेला भाचा माझा.

मी पदर खोचला. सिस्टरांनी मला क्रोशाची लेस शिकवली, पियानोवर दोन गाणी शिकवली. भाकरी अभ्यासक्रमात नव्हती (आई शिकवायला बसली, की माझी परीक्षा असायची). माझी पहिली भाकरी परातीतच फाटली. दुसरी तव्यावर गेली ती माझी बोटं घेऊनच. तेव्हा प्रभुलिंगनं चिडून परात ओढली. त्याच्याही पहिल्या दोन-चार कुत्र्यानं हुंगून सोडल्या. पण नंतर, श्रीदेवी, तुझ्या एम.बी.ए. मुलाच्या हाताखाली भाकरी गरगर फिरू लागली. पातळ, गोल, टम्म फुगलेली.

मग मी दारात उभी राहिले आणि जुना आवाज काढला. घरी म्हातारं माणूस जेवायचं थांबलं असेल ते अर्जंट. "आम्ही रोजचे" म्हणणारे ऑर्डिनरी. घरटी एकच भाकरी, नैवेद्यापुरती. "एक? आम्ही सात जण आहोत, बाई!" एक गृहस्थ गरजले. "मग प्रसादासारखी वाटून खा. लाइन बिझी आहे," मी म्हटलं. दुपारी अक्षतेची वेळ झाली आणि रांगही तिकडेच पळाली. ज्या कारणानं बाया आल्या नाहीत, त्याच कारणानं आम्ही सुटलो.

तर पत्र पोचताच मुलाला घेऊन जा. आपल्या हातांत किती आहे हे न पाहता सगळ्यांना 'हो' म्हणत सुटणारा माणूस मला घरात नको.

तुझी,
भुवनेश्वरी अक्का

ता. क. ईरम्मा म्हणते, "पोराचा हात लई चांगला हाय, ऱ्हाऊ द्या की." मी तिला गप्प बसवलं.

ता. क. त्या टम्म भाकरीचा फोटो मी कॉन्व्हेंटच्या मैत्रिणींना पाठवला होता ('आमच्या घरची' एवढंच लिहिलं, तेही खोटं नाही). आता प्रत्येकीला अमेरिकेतल्या नातवंडांना पाठवायला आपली महिनाभर टिकणारी कडक भाकरी हवी आहे. मी सगळ्यांना हो म्हटलं. तेव्हा प्रभुलिंगला इतक्यात नेऊ नकोस.

ता. क. तूही ये. दुखतो तो गुडघा आहे, हात नव्हे. निघण्यापूर्वी फोन मात्र करू नकोस, ऑर्डरींमुळे माझी लाइन सारखी बिझी असते.