मापाच्या वहीतले इंग्रजी शब्द

३ मार्च

पुन्हा तोच टायवाला! टीव्हीवर कुशल कामगारांच्या व्हिसावर तासभर बोलला आणि माझ्या पदरात तीन शब्द पडले. एक्स्टेन्शन — मुदतवाढ. पेंडिंग — लटकलेलं. बॅकलॉग — तुंबलेलं काम. हा शेवटचा मला शिकवायला नको, मशीनशेजारी गणवेशांचा ढीग आहेच! मापाच्या वहीची मागची पानं आता याच कामाला.

ठकूची मुदतवाढ लटकली आहे. परदेशात पुलांचे आराखडे काढते माझी लेक. फोनवर म्हणाली, "आई, आत्ता देश सोडला तर अर्ज बाद. नोकरीही गेली." म्हणजे नेमकं काय, विचारलं तर, "तुला नाही कळायचं." नाही कसं कळायचं? कळून घेईन!

इकडे हे अंथरुणाला खिळलेले. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. गॅरेजमध्ये इंजिनं उचलणारा माणूस — चमच्याने भरवावं लागतं. भरवताना रोज एकच प्रश्न. "कधी येतेय?"

५ मार्च

अबॅन्डन — सोडून देणे, टाकून देणे. अर्जदार बाहेर गेला की अर्ज टाकून दिला असं धरतात म्हणे. शब्दकोश मिटून ठेवला. आज आणखी शब्द नकोत.

९ मार्च

डॉक्टरीणबाई तपासायला आल्या होत्या. जाताना मला दाराशी घेऊन म्हणाल्या, "मुलीला बोलवायचं असेल तर लगेच बोलवा. महिना म्हणजे फार झाला." त्या गेल्या. मग एका पँटची चांगली दुमड उगाच उसवली, परत घातली. रडू आवरेना.

१२ मार्च

सापडलं! सापडलं!! आज टायवाल्यासमोर एक चष्मेवाली वकीलबाई होती. सावकाश बोलते, भलं होवो तिचं. एमर्जन्सी ट्रॅव्हल परमिशन! घरी कुणी शेवटच्या घटका मोजत असेल तर डॉक्टरांचं पत्र जोडायचं. जाऊन परत येता येतं, अर्ज बाद होत नाही. मोबाईलवर चार वेळा ऐकलं. शब्दन् शब्द उतरवला, एकेकाचा अर्थ लावला.

यांना सांगितलं. डाव्या हाताने माझं मनगट धरलं ते बराच वेळ सोडलंच नाही.

१३ मार्च

पत्र आणलं, फोटो पाठवला, फोन लावला. भडाभडा बोलत सुटले — परमिशन, डॉक्युमेंट, अर्जंट! माझं इंग्रजी ऐकून हसेल वाटलं होतं. हसली नाही.

"आई, मला माहीत आहे ते."

"मग अर्ज?"

"केला नाही. करणारही नाही. 'गेलीस तर परत येऊ नकोस, मी मेलो तरी येऊ नकोस' — बाबांचं बोलणं विसरलीस?"

विसरेन कशी? ठरलेलं लग्न मोडून ती निघाली, त्या सकाळचं यांचं बोलणं. मी त्याच खोलीत होते. मशीन चालवत राहिले. तोंडातून ब्र काढला नाही.

"आणि तूही गप्प बसलीस," म्हणाली. खरंच बोलली. फोन ठेवला.

१४ मार्च

यांना सांगितलं, वकीलबाई चुकली. सरकार सोडत नाही.

१७ मार्च

रोज खोटं बोलतेय. बातम्या लागल्या की हे माझ्या तोंडाकडे बघतात आणि मी अर्थ सांगते — साफ उलटा. टायवाला म्हणतो नियम सैल होणार. मी म्हणते, "आणखी आवळले हो! मेलं सरकारच असलं, पोर तरी काय करणार?" हे मान हलवतात. दोन घास जास्त जातात.

एवढी मरमर करून शब्द शिकले ते यासाठी! स्वतःचीच शिसारी येते. ठकूचा राग येतो, यांचा येतो, आणि सगळ्यात जास्त त्या दिवशी मशीन चालवत बसलेल्या बाईचा.

२० मार्च

आज घास नको म्हणाले. मी टीव्ही लावायला उठले तर यांनी अडवलं. एकेक शब्द ओढत बोलले, "सरकारला शिव्या देऊ नकोस. येऊ नको, असं मीच सांगितलं होतं. पोर ऐकतेय माझं."