हातमोजे पडले होते, टाकले नव्हते

स्टोनी फोर्ड, सॅस्कॅचवान
मंगळवार, ७ फेब्रुवारी १९९५, सकाळचे दहा वाजून दहा मिनिटे. मुक्काम : दुकानाचे तळघर, रंगाच्या डब्यांच्या मागे, विजेरीच्या उजेडात.

तीर्थरूप वासिलमामांस, भाचा एमिल याचा शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द मी उगाच लिहिलेला नाही. इथले छत इतके खाली आहे की दुसरा कुठलाच नमस्कार करता येत नाही.) आपला गुडघा तिकडे सॅस्काटूनच्या थंडीत कसा आहे? ओल्हामामींचा खोकला थांबला का? आईने त्यांच्यासाठी कोबीचे रोल करून बर्फात पुरून ठेवले आहेत, येणारे-जाणारे कोणी भेटले की पाठवील. इकडे सर्व क्षेम आहे. हे शेवटचे वाक्य पत्रात लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिले, आपण ते वाचू नये.

मामा, येत्या शनिवारी रात्री मला हाल्डोर बेनसन मारणार आहे. चिडून नाही, चोरून नाही. बर्फाच्या मैदानावर, मध्यांतरात, भोंगा वाजवून, तिकीट लावून मारणार आहे. हाल्डोर आपल्याला आठवत असेल. धान्याच्या कोठारावर कामाला असतो, खांदे दाराच्या चौकटीएवढे. दोन वर्षांपूर्वी पाद्रीबाबांचा ट्रक खड्ड्यात गेला तेव्हा यंत्र येईपर्यंत थांबायचा कंटाळा आला म्हणून याने पुढची बाजू उचलून धरली होती, तोच. मी बूट घालून एकशे अठ्ठावीस पौंड भरतो. बर्फावर मला घसरता येते, पण वळता फक्त डावीकडे येते. हे असे का झाले ते नीट क्रमाने सांगतो, कारण गावात प्रत्येकजण आपापल्या क्रमाने सांगतो आहे, आणि त्यातल्या एकाही क्रमात माझी बाजू येत नाही.

आपल्या कानावर आलेच असेल की बॅजर्स या आपल्या आइस हॉकी संघाचे मालक लिंडेल क्रॉथर यांनी नाताळात जाहीर केले, प्रेक्षक असेच रोडावत राहिले तर पुढच्या हंगामात संघ टेक्ससला नेणार. टेक्ससला, मामा! तिथले लोक बर्फ पेल्यात घालून पितात. त्या दिवसापासून गावाची झोप उडाली आहे. मी काही मोठा शिकलेला नाही, दहावीतच शाळा सुटली, पण एवढे मला कळते की बाहेर उणे तीस अंश असताना माणसाला शनिवारी संध्याकाळी जायला एक उजेडाची जागा लागते. आमच्याकडे ती एकच आहे. बाबा गेले त्या हिवाळ्यात आई घराबाहेर पडली ती फक्त सामन्याला. तिथे ती पंचाला मनसोक्त शिव्या द्यायची आणि मग घरी येऊन जेवायची. संघ गेला तर आईने शिव्या कुणाला द्यायच्या, हा विचार मनात आला की मला झोप लागत नाही. (आता तर दुसऱ्याही कारणाने लागत नाही.)

तर परवा रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरातल्या सभागृहात चाहत्यांची सभा भरली. बायकांनी आणलेल्या पेरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, संपेपर्यंत सगळ्यांचे एकमत होते. पेरोगी संपल्या आणि दोन तट पडले. एका बाजूला हाल्डोर आणि कोठारावरची मंडळी. त्यांचे म्हणणे, नव्या प्रशिक्षकाने खेळाडूंची मारामारी बंद पाडली तेव्हापासून गर्दी आटली. लोक काय नुसती चकती इकडून तिकडे जाताना बघायला पैसे मोजतात? दुसऱ्या बाजूला विल्हेल्मिना फेरबाई, ज्या मैदानावर कॉफी आणि डोनट विकतात. त्या आमच्या तटाच्या पुढारी, आणि मी त्यांचा चिटणीस, कारण माझे शुद्धलेखन चांगले आहे. (मारामारीला माझा विरोध तत्त्वाचा आहे. खेळाडू भिडले की मी डोळे मिटतो, हेही तत्त्वच.) दाताचे डॉक्टर मात्र दोन्ही तटांच्या मधोमध बसले होते आणि दोघांनाही हसून दाखवत होते.

फेरबाई म्हणाल्या, "आया पोरांना आणत नाहीत त्या तुमच्या या धटिंगणांमुळे! पोरगं खेळ बघतं आणि घरी जाऊन धाकट्याचं नाक फोडतं."

"बाई, खरं बोला," हाल्डोर म्हणाला. "मारामारी होती तेव्हा तुमचा एक डोनट उरत नव्हता. आता मी कालचे खातोय, परवाचे खातोय."

"मग नको खाऊस. पोट बघ!"

यावर खूप हशा झाला. हाल्डोर लाजला, उठला, खडू घेतला आणि फळ्यावर त्याने भल्या मोठ्या अक्षरांत लिहिले : मारामारि नाही तर संघ नाही.

मामा, त्याने 'रि' ऱ्हस्व काढली होती.

मी स्वतःला आवरले. खिडकीकडे पाहिले, छताकडे पाहिले. पण दीर्घ वेलांटीची जागा रिकामी असली की मला दातात काहीतरी अडकल्यासारखे होते. शिवाय तो फळा रविवारच्या शाळेतल्या मुलांचा. मी उठलो, हाल्डोरच्या समोर गेलो. खडू धरायचा तर हातमोजे काढायला हवेत. तळघरातली भट्टी बंद, त्यामुळे हातमोजे मी आतही घातले होते, आणि ते थोरल्या मावसभावाचे, मला सैल. मी फक्त हात झटकले. दोन्ही हातमोजे सुटले आणि हाल्डोरच्या बुटांपुढे जाऊन पडले. थप्, थप्.

दुसऱ्या कुठल्याही देशात कोणीतरी वाकून म्हणाले असते, अरे, तुझे हातमोजे पडले. इथे एका म्हाताऱ्याने टोपी काढली. आपण स्वतः खेळलेला माणूस, आपल्याला सांगायला नको. हॉकीत समोरासमोर उभे राहून हातमोजे खाली टाकले की त्याचा अर्थ एकच : चल, हो मारामारीला तयार. मी "वेलांटी, वेलांटी" असे म्हणत होतो, पण तोंडातल्या तोंडात, त्यामुळे ते फारसे कुणाला ऐकू गेले नाही. (ज्यांना गेले त्यांना ती शिवी वाटली.) हाल्डोरने आधी हातमोज्यांकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि त्याच्या डोळ्यांत चक्क पाणी आले. "एमिल," तो म्हणाला, "तुझ्यात एवढी धमक असेल असं वाटलं नव्हतं रे." आणि त्याने आपले हातमोजे काढून माझ्या हातमोज्यांशेजारी ठेवले. नीट, जोडीने.

तिथेच मिटले असते कदाचित. पण मागच्या बाकावर मालक क्रॉथर बसले होते, हे कुणाच्या लक्षात नव्हते. ते उठले आणि म्हणाले की शनिवारच्या सामन्याच्या मध्यांतरात हे दोघे बर्फावर उतरू देत. दोन तट, दोन पैलवान. त्या रात्री मैदान शिगोशीग भरले आणि ही लढत ठरल्याप्रमाणे झाली, तर संघ पुढचा हंगाम इथेच खेळेल, कागदावर लिहून देतो. आणि त्यांनी खरोखर लिहून दिले. मी तो कागद दोनदा वाचला. दुर्दैवाने त्यात एकही चूक नाही.

काल, सोमवारी, मैदानाबाहेरच्या पाटीवर अक्षरे लावायला नेहमीप्रमाणे मलाच बोलावले. शिडीवर चढून, त्या वाऱ्यात, मी माझ्याच हाताने लावले : शनिवारी मध्यांतरात, हाल्डोर बेनसन विरुद्ध एमिल प्रोकोपचुक. खाली उभे असलेले लोक टाळ्या वाजवत होते. खरे सांगतो, 'चु' दीर्घ लावून टाकावा आणि तो दुसराच कोणी प्रोकोपचूक आहे असे म्हणावे, असा विचार मनात आला होता. पण हात धजावला नाही.

तेव्हापासून सगळे गाव माझ्याशी प्रेमाने वागते आहे, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटते. न्हाव्याने पैसे घेतले नाहीत. पाद्रीबाबांनी माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवला, जसा निरोप देताना फिरवतात. आई म्हणाली, "फोटो काढून घे आजच. आजीला पाठवायचाय, पुढच्या आठवड्यात कसा निघेल देव जाणे." फेरबाई रात्री हाडांचे सूप घेऊन आल्या. मला वाटले आमच्या पुढारी आहेत, ही रानटी प्रथा थांबवा असे सांगतील. त्यांनी दार लावून घेतले आणि हळूच म्हणाल्या, "बाळा, मी मारामारीच्या विरोधातच आहे हो. पण तो जवळ आला की आधी त्याचा स्वेटर धरून डोक्यावर ओढ. हात अडकतात मेल्याचे. मग खालून दे." आणि मला उभे करून त्यांनी ते माझ्यावर करून दाखवले. माझी मान अजून डावीकडे वळत नाही. म्हणजे आता मी बर्फावर फक्त डावीकडे वळू शकतो आणि बघू फक्त उजवीकडे शकतो.

आज सकाळी दुकान उघडताच हाल्डोर खिळे घ्यायला आला. मी गल्ल्यामागे इतका खाली वाकलो की त्याला वरून डोकावून बोलावे लागले. अतिशय सौजन्याने बोलला. "मनात काही धरू नकोस हं. ते फळ्यावरचं मी नंतर दीर्घ केलं, आता बरोबर आहे ना? बरं, एक विचारायचं होतं. तुझी उजवीकडची दाढ किडलीय म्हणे. आई म्हणत होती तुझी. मग उजवीकडूनच मारू का? तेवढाच डॉक्टरचा खर्च वाचेल."

मी म्हणालो, विचार करून सांगतो. मग तळघरात आलो. तो वर अजून खिळे निवडतो आहे. त्याच्या पावलांनी डबे हलताहेत. पत्र इथेच थांबवतो. आपण व मामींनी प्रकृतीस जपावे. मलाही जपायची फार इच्छा आहे.

आपला आज्ञाधारक भाचा,
एमिल

ता. क. वरचे सर्व केवळ खुशाली कळावी म्हणून लिहिले. खरे काम असे, की आपण शुक्रवारी अंधार पडल्यावर ट्रक घेऊन चर्चच्या मागे यावे, दिवे न लावता. मागे पेंडीची पोती असू द्यावीत, मी त्यांच्याखाली मावतो. बसने येता आले असते, पण आत्ता जेवणाच्या सुट्टीत बसच्या कचेरीत गेलो तर तिथल्या बाईंनी तिकीटच दिले नाही. म्हणाल्या, "रविवारी ये राजा. रविवारी कुठंही जा, फुकट सोडते."

ता. क. दुसरा, बुधवार. पत्र अजून टाकलेले नाही. रात्रभर विचार केला. मी पळालो तर करार मोडेल आणि संघ टेक्ससला जाईल. आई मला काही बोलणार नाही, पण मग ती शिव्या देणार कुणाला, तर मलाच, आणि जन्मभर. तरी ट्रक शुक्रवारी नको. शनिवारी, मध्यांतर संपल्यावर आणावा. पेंडीच्या पोत्यांऐवजी गादी घालावी.

ता. क. तिसरा, बुधवारी संध्याकाळी. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात मैदानाच्या तिकीट-खिडकीवरच्या बाईंनी हाक मारली. सॅस्काटूनहून कुणी फोनवर दोन जागा राखल्या आहेत, नाव लिहायचे आहे, तर "वासिलमधली वेलांटी पहिली की दुसरी, तू सांग, तुझं शुद्धलेखन चांगलं आहे" असे विचारत होत्या. मी पहिली सांगितली. मामा, त्या जागा हाल्डोरच्या तटाच्या बाजूला आहेत. तिथे दिसते चांगले, हे मला मान्य आहे. पण तिकिटे बदलून मिळतात, मी विचारून ठेवले आहे. मैदान शिगोशीग भरल्याशिवाय करार होत नाही, आणि माझ्या बाजूला अजून पुष्कळ जागा रिकाम्या आहेत.