ठेवणीतला नकार

मंगळवार, ३ जून

पाय सुजलेत. मिठाच्या गरम पाण्यात ठेवून लिहितेय.

आमच्या ज्येष्ठांच्या क्लबची या वर्षीची पहिली गढी बघून झाली – मोंब्रेयॉ. दुरून डोंगर साजरे म्हणतात, गढ्यांचंही तेच! बसमधून बघितली तेव्हा वाटलं, साखरेची केलीय. जवळ गेल्यावर सगळा मामला जिन्यांचा. त्या जुन्या सरदारांना खाली म्हणून बसवत नव्हतं की काय, कोण जाणे.

गिलेनबाई – क्लबच्या अध्यक्षीण – लाल छत्री उंच धरून पुढे, मागे आम्ही मेंढरं. माहिती सांगणारी पोरगी कोणत्या राजाने कोणत्या बाईसाठी कोणती खोली बांधली ते सांगत होती. मी पडदे बघत होते. केवढाले पडदे! इस्पितळाच्या धुलाईघरात अख्खी उमर इस्त्री केली मी. मला राजाचं प्रेम दिसत नाही, चुण्या दिसतात. शाळा लवकर सुटली. पुढचं वाचन झालं ते इस्त्रीच्या टेबलावर अंथरलेल्या जुन्या वर्तमानपत्रांतलं, तेही चादरीने झाकलं नसेल तेवढंच. म्हणून मला जगातल्या बऱ्याच बातम्या अर्ध्या ठाऊक आहेत.

क्लबातला आन्सेल्म फक्त छप्पर बघतो. घरांवर पाटीच्या दगडाची छपरं घालण्यात त्याचा जन्म गेला आणि गुडघेही गेले. मान वर, तोंड उघडं, पाय माझ्या पायावर.

"मोरिसेतबाई, ती उत्तरेची बाजू बघा! काय बसवल्यात पाट्या!"

"आधी माझा अंगठा बघा," मी म्हटलं.

येताना बसमध्ये पुन्हा माझ्याच शेजारी. गिलेनबाईंनी मागच्या बाकावर कोणाला तरी डोळा मारला. मी पाहिलं. म्हातारी झाले, आंधळी नाही!

बुधवार, ४ जून

पावाच्या दुकानात रांग. पाववाली सगळ्यांसमोर म्हणते, "काय मोरिसेतबाई, उद्यापासून एक पाव द्यायचा की दोन?" रांग खुसखुसली.

म्हणजे गावात ठरलंसुद्धा! आन्सेल्म मला मागणी घालणार. त्याची बेर्त जाऊन दोन वर्षं झाली, माझा गास्तों जाऊन अकरा. लोकांना काय – रिकाम्या खुर्च्या दिसल्या की जवळ ओढाव्याशा वाटतात.

तर मीही आजच ठरवून टाकलं. नाही! हे घर मी एकटीने सांभाळलंय. कोणासाठी सोडणार नाही आणि कोणाचे मोजे इथे वाळत घालणार नाही. नकार लगेच तयार केला. सभ्य, मऊ, पण कडक घडीचा: "आन्सेल्म, तुम्ही भले गृहस्थ आहात. पण जुन्या भांड्याला नवं झाकण नीट बसत नाही." आरशासमोर दोनदा म्हणून पाहिला. छान जमलाय. ठेवणीतल्या चादरीसारखा ठेवलाय. वेळ आली की काढायचा.

मंगळवार, ८ जुलै

दुसरी गढी, ला रोश-ओबैर. नकार सोबत घेऊनच गेले.

खंदकावरच्या पुलावर तो थांबला. टोपी काढली. "मोरिसेतबाई, कधीपासून एक विचारायचं होतं."

मी पाठ ताठ केली. आवाज नीट करून घेतला.

"ती छपराची पन्हळ," तो म्हणाला, "तुम्हाला काय वाटतं, शिशाची की जस्ताची?"

शिशाची म्हटलं मी. मला काय कळतं! खंदकातली बदकंसुद्धा माझ्याकडे बघत होती.

येताना तो युगेतशेजारी बसला. युगेत म्हणजे औषधाच्या दुकानवाल्याची विधवा – केस दर आठवड्याला कुरळे करून घेते आणि आवाज मधात बुडवून बोलते. तिने केक आणला होता. "आन्सेल्म, अजून एक तुकडा घ्याच. घरी कोण करून घालतंय तुम्हाला!" त्याने घेतला. तिसरा.

बुधवार, ९ जुलै

युगेतच्या केकमध्ये लोणी कमी होतं. मी खाल्ला नाही, पण दिसत होतं.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

मारीयामातेचा सण. प्रार्थना झाल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर गाठीभेटी. आमच्या भागात भेटलं की गालांवर चार मुके. उभ्या गावाला ठाऊक आहे, चार! आन्सेल्मने दोन दिले आणि थांबला. मी तिसऱ्यासाठी गाल पुढे करून तशीच उभी – चोच पुढे केलेल्या म्हाताऱ्या कोंबडीसारखी. तोवर तो वळून गेलासुद्धा.

त्याचा मुलगा तूर शहरातून आला होता. बाजूला मोटारीशी उभा राहून घड्याळ बघत होता. "बाबा, तिथले लोक वाट बघतायत." कुठले लोक, कळलं नाही.

दोन मुके म्हणजे काय समजायचं? दोन तर परक्यांनाही देतात. मी नकार द्यायचा म्हणून तयार बसलेय, आणि या माणसाचा मागणीचा पत्ता नाही! आमंत्रणच नाही तर 'येत नाही' कोणाला सांगू?

मंगळवार, ९ सप्टेंबर

आज सविस्तर लिहायला हवं. कुठून सुरू करू?

वर्षातली शेवटची गढी, व्हिलसाव्ह. लहानशी. एक राखणदार, त्याची बायको आणि एक मोठा बुरूज. बाराला गढी बंद होते, दोनला उघडते. गिलेनबाईंनी बसमध्येच बजावलं होतं: "बाराला समोरच्या खानावळीत टेबल धरलंय. बदक आहे. उशीर करील तो उपाशी मरेल!" त्यामुळे बुरूज सगळ्यांनी बघितला तो शिजत्या बदकाचा वास घेत घेतच.

आन्सेल्मला वरून छप्पर बघायचं होतं. मी मागे गेले – कोणीतरी जायला नको का, असा गुडघा घेऊन! वर पोचलो. त्याने पोटभर छप्पर बघितलं. उतरायला वळला आणि गुडघा अडकला. पुढेही नाही, मागेही नाही. बसला तिथेच खिडकीच्या कट्ट्यावर, तोंड पांढरं. मी गुडघा चोळत होते, तेवढ्यात बाराचे ठोके पडले आणि खाली दाराला किल्ली फिरल्याचा आवाज आला.

कोंडले गेलो!

खिडकीतून खाली राखणदाराचं अंगण. बघते तर द्राक्षवेलीच्या मांडवाखाली टेबल मांडलेलं, राखणदाराने रुमाल गळ्यात खोचलेला, बायको सूपचं भांडं घेऊन येतेय. हाक मारली असती तर सहज ऐकू गेली असती. मी तोंड उघडलंसुद्धा.

"अहो, काय करताय!" आन्सेल्म कुजबुजला. "सूप वाढलंय!"

खरंच की. वाढलेल्या पानावरून माणसाला उठवायचं? माझ्या आईने मला तसं वाढवलेलं नाही.

"सूप संपलं की मारू," मी म्हटलं.

सूप संपलं. लगेच भाजलेलं मांस आलं, बटाट्यांबरोबर.

"आता?"

"गार होईल त्याचं."

मग सॅलडचा हिरवा पाला आला. पाल्याचं मला विशेष वाटत नाही, पण आन्सेल्म म्हणाला, पाल्यानंतर चीज असणार, आणि चीजच्या तोंडावर जो माणसाला उठवतो तो माणूसच नव्हे. बकरीचं चीज होतं, राखेत घोळलेलं. राखणदार ते असं कापत होता, जसा न्हावी राजाची दाढी करतो. मग पेअरचा टार्ट. मग कॉफी. "कॉफी तरी घेऊ द्या बिचाऱ्याला." आणि कॉफीनंतर त्याने टोपी तोंडावर ओढली, पाय लांब केले नि झोपला. झोपलेल्याला तर शत्रूही उठवत नाही!

माझ्या पिशवीत एक पेअर होतं आणि चार बिस्किटं. आन्सेल्मने खिशातला चाकू काढला, पेअर सोललं. मधोमध चिरून मोठा भाग माझ्याकडे सरकवला. माझा रुमाल दोघांच्या मधे कट्ट्यावर पसरला. झालं आमचं टेबल.

"बेर्त गेल्यापासून," तो पेअरकडे बघत म्हणाला, "बसून जेवलो नाही. घरी, म्हणजे. मोरीपाशी उभ्याने खातो, घोड्यासारखा. बारा वाजले की समोरच्या खुर्चीकडे बघवत नाही."

मला काय माहीत नाही ते? मी रेडिओ लावते. बातम्या देणाऱ्याला "जेवा हं" म्हणते. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

"छपरं काय, मला कुठेही दिसतात," तो म्हणाला. "सहलीला येतो तो दुपारच्या टेबलासाठी." मग म्हणाला, "मुलाने वृद्धाश्रम बघितलाय, तूरजवळ. पंधरा ऑगस्टला दाखवून आणला. एक ऑक्टोबरला खोली मिळतेय. तिथे बाराला सगळे एकत्र बसतात."

इतके महिने जपलेला नकार! कडक घडीचा! आणि मागणी नाहीच. माणूस निघाला गाव सोडून. मला म्हणायचं होतं, जाऊ नका. तोंडातून निघालं, "तिथलं सूप पाणचट असतं."

"असेल," तो म्हणाला.

दोन वाजता राखणदाराने दार उघडलं. आम्हाला बघून त्याचं तोंड टार्टएवढं झालं. "अहो, हाक नाही मारलीत?"

"तुम्ही जेवत होतात," आन्सेल्म म्हणाला.

राखणदाराने टोपी काढून त्याचा हात हातात घेतला. डोळ्यांत पाणी आलं असं म्हणणार नाही, पण जवळपास.

खानावळीत आमची गैरहजेरी चीजच्या वेळी लक्षात आली होती. तोवर युगेतने आमची दोन्ही बदकं खाल्ली होती – वाया नको जायला म्हणून! गिलेनबाई लाल छत्री घेऊन अंगावर आल्या. "दोन तास! ओरडायचं नाही का?"

"राखणदार जेवत होता."

लाल छत्री खाली आली. मग गिलेनबाई म्हणाल्या, "हां. मग बरोबर."

बुधवार, १० सप्टेंबर

पाणचट सूप! दुसरं काही सुचलं नाही मला, इतक्या वर्षांच्या ओळखीच्या माणसाला!

रविवार, १४ सप्टेंबर

आज त्याला जेवायला बोलावलं. कोंबडी शिजवली पांढऱ्या वाइनमध्ये, मश्रूम घालून. ठेवणीतला टेबलक्लॉथ काढला, इस्त्री केली, समाधान झालं नाही, पुन्हा केली. ठरवलं होतं, चीजच्या आधी बोलून टाकायचं.

बारा वाजले. आन्सेल्म आला खरा, पण वर आलाच नाही. माझं घर म्हणजे खाली गोठा होता त्याच्यावरचं, बाहेरून दगडी जिना. अर्ध्या जिन्यात गुडघ्याने पुन्हा दगा दिला. बसला तिथेच, हातात फुलं. शेवटी कोंबडी मीच खाली नेली. पायरीवर ताटं, पायरीवर ग्लास. येणारे जाणारे टोपी काढून "जेवा हं" म्हणत होते. चर्चहून येणारी युगेत मुद्दाम दोनदा गेली.

चीजपर्यंत धीर निघाला नाही. कोंबडी खातानाच बोलले. "आन्सेल्म, त्या वृद्धाश्रमात जाऊ नका. इथे या. माझ्याकडे. राहायला." झालं! आता गावाने काय म्हणायचं ते म्हणावं.

त्याने काटा खाली ठेवला. वर दाराकडे बघितलं, मग गुडघ्याकडे.

"मोरिसेतबाई," म्हणाला, "जन्मभर शिड्या चढलो. आता रोज हा जिना नाही जमायचा मला. नाही."

आणि कोंबडीचं कौतुक करत गेला!

म्हणजे नकार तयार केला मी, घडी घातली मी, सांभाळला मी – आणि वापरला त्याने!

सोमवार, १५ सप्टेंबर

इस्त्री केली. सगळं कपाट बाहेर काढून केली. जे आधीच कडक होतं तेही.

बुधवार, १७ सप्टेंबर

बाराच्या ठोक्याला सूपचं भांडं घेऊन त्याच्या घरी गेले. खालच्या गल्लीत, नदीकडे, एकही पायरी नाही. दार उघडंच. मोरीपाशी उभा होता, एका हातात पाव, एका हातात सॉसेज. मला बघून दोन्ही मागे लपवले!

"बसा," मी म्हटलं.

"पण तुम्ही—"

"सूप गार होतंय."

बसला. मीही बसले, समोरच्या खुर्चीवर. बेर्तची होती. डगमगते जरा. त्याने खुर्चीच्या पायाखाली पुठ्ठ्याचा तुकडा घालून दिला. मग दोनदा सूप घेतलं. दोन वाजेपर्यंत बसलो होतो. काय बोललो ते काही आठवत नाही.

त्याच्या घरात पडदे भयंकर आहेत. मापं घेऊन आले.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

गिलेनबाई फळीवर यादी टेकवून दारात. "पुढच्या वर्षीच्या गढ्यांसाठी नावं घेतेय. तुमचं एकटीचं ना?"

म्हटलं, "दोन लिहा. पत्ता एकच – खालच्या गल्लीतला."